अज्ञान मुलांची संकेतस्थळावरील कमाई आणि आयकर

सातबारा उताऱ्यावर एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे लिहिलेली असतात, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सांगावयास नको. जमिनीचा धारक अज्ञान आहे आणि त्याच्या वतीने अमुक पालनकर्ता व्यवहार पाहतो, असा त्या तीन अक्षरांचा अर्थ. कायद्याच्या परिभाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ ने ही वयोमर्यादा घालून दिली. शब्द थोडा अन्यायकारक खरा. कारण ज्या मुलांविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे, ती आपल्या पालकांहून काही बाबतींत पुष्कळच जाणकार असतात.

आजवर अज्ञान मुलाच्या नावे जमीन असे, आजोबांनी ठेवलेली मुदत ठेव असे, क्वचित एखाद्या दुकानातील भागीदारीचा लाभ असे. स्वतःच्या बुद्धीने पैसा मिळविणारे मूल म्हणजे चित्रपटातील बालकलाकार किंवा एखादा बालगायक, एवढीच आपली कल्पना होती. आता ऑप्टिकल फायबरची तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊन पोहोचली आहे आणि दहावी-अकरावीतील विद्यार्थी संकेतस्थळ उभारून त्यावरील जाहिरातींतून, चित्रफितींतून, दुसऱ्यांसाठी केलेल्या रेखाटनांतून किंवा संगणकीय आज्ञावलीतून पैसा मिळवू लागले आहेत. रक्कम कधी महिन्याला पाचशे रुपये असते, कधी पंधरा हजार. ती आली की घरात आनंद होतो आणि पाठोपाठ प्रश्न पडतो की हा पैसा कोणाचा समजावयाचा? त्यावर कर लागतो काय? लागत असल्यास तो मुलाने द्यावयाचा की वडिलांनी?

या प्रश्नांची उत्तरे फारशी अवघड नाहीत. परंतु ती चुकली तर कुटुंबाचे प्रत्यक्ष नुकसान होते, आणि ते किती होऊ शकते हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात का मिळविले जाते?

आयकर अधिनियम, १९६१ मध्ये प्रारंभी अज्ञान मुलाचे सर्वच उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविले जात नव्हते. पालक ज्या पेढीत भागीदार आहे त्या पेढीच्या लाभात मुलाला सहभागी करून घेतले असेल, किंवा पालकाने योग्य मोबदला न घेता आपली मालमत्ता मुलाच्या नावे केली असेल, तर तेवढ्यापुरतेच ते मिळविले जाई. या व्यवस्थेत पळवाटा पुष्कळ होत्या. आजी-आजोबा, मामा, काका यांच्याकडून मुलांच्या नावे ठेवी ठेवावयाच्या, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र हिशेब दाखवावयाचा आणि एकाच घरातील उत्पन्न चार-पाच नावांवर वाटून करमर्यादेच्या खाली आणावयाचे, ही रीत सुस्थितीतील कुटुंबांत रूढ झाली होती. १९९१ साली नेमलेल्या डॉ. राजा चेल्लय्या यांच्या करसुधारणा समितीने या प्रश्नाचा विचार केला. त्यानंतर वित्त अधिनियम, १९९२ ने कलम ६४ मध्ये पोटकलम (१अ) घातले. आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल, त्याच्या उत्पन्नात अज्ञान मुलाचे उत्पन्न मिळवावे असा सर्वसाधारण नियम झाला. मुलामध्ये सावत्र व दत्तक मुलाचाही समावेश आहे. आईवडिलांचा विवाहसंबंध संपुष्टात आला असल्यास, जो पालक त्या वर्षी मुलाचा सांभाळ करतो त्याच्या उत्पन्नात ते मिळविले जाते.

या नियमाला विधिमंडळाने महत्त्वाचे अपवाद जोडले. मुलाने स्वतः अंगमेहनतीचे काम करून मिळविलेले उत्पन्न, तसेच स्वतःचे कौशल्य, प्रतिभा किंवा विशेष ज्ञान व अनुभव वापरून केलेल्या कामातून मिळविलेले उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविले जात नाही. ते मुलाचेच असते आणि त्यावरील कराचा हिशेब स्वतंत्रपणे होतो. कायद्यात नमूद केलेल्या प्रकारचे अपंगत्व असलेल्या मुलाचे कोणतेही उत्पन्न मिळविले जात नाही, हा दुसरा अपवाद.

आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू होणारा नवा कायदा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी ‘करवर्ष’ हा एकच शब्द आला. परंतु अज्ञान मुलांच्या उत्पन्नासंबंधीचे मूळ तत्त्व तेच राहिले आहे.

कौशल्य कोणाचे?

सर्व विवेचनाचा कणा हाच आहे. संकेतस्थळाचे उत्पन्न मुलाच्या कौशल्यातून आले काय, या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सर्व अवलंबून राहते. संकेतस्थळ कोणाच्या नावावर नोंदविले आहे किंवा पैसे कोणाच्या बँक खात्यात जमा झाले, या गोष्टी पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या असल्या तरी निर्णायक नव्हेत.

एखादी मुलगी गणिताची सोडविलेली उदाहरणे स्वतः लिहून संकेतस्थळावर देते, त्यांची मांडणी स्वतः करते, वाचकांच्या शंकांना उत्तरे देते. तेथे जाहिराती दिसतात आणि त्यांचे पैसे मिळतात. हे उत्पन्न तिच्या विशेष ज्ञानाचे फळ आहे. संकेतस्थळांची संगणकीय रचना करून देणारा मुलगा, बोधचिन्हे रेखाटणारा मुलगा, वाद्यवादनाच्या चित्रफिती प्रसिद्ध करणारी मुलगी यांच्याबाबतही शंकेला जागा नाही. याउलट वडिलांनी तयार संकेतस्थळ विकत घेतले, मजकूर पैसे देऊन दुसऱ्यांकडून लिहवून घेतला आणि केवळ कर वाचावा म्हणून ते मुलाच्या नावे केले, तर त्यात मुलाचे कौशल्य कोठे आले? ते उत्पन्न पालकाचेच.

या दोन टोकांच्या मध्ये मात्र मोठा प्रदेश आहे. तीन वर्षांच्या बालकाच्या लीला आईवडील चित्रित करतात, चित्रफितींची कापणी-जोडणी तेच करतात, जाहिरातदारांशी बोलणीही तेच करतात. येथे प्रेक्षक बालकासाठी येतात हे खरे; पण कौशल्य पालकांचे आहे, असेच प्रस्तुत लेखकास वाटते. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण मिळून काम करीत असतील तर प्रत्येकाच्या कामानुसार वाटणी करणे आणि ती वर्षारंभी लिहून ठेवणे हिताचे. वर्ष संपल्यावर केलेली वाटणी करासाठी केल्यासारखी दिसते. एकदा लिहिलेला मजकूर पुढे दोन वर्षे नवी भर न घालता पैसे देत राहिला, तर ते उत्पन्नही मूळ कौशल्याचेच फळ मानण्यास आधार आहे. मात्र संकेतस्थळ विकून आलेली रक्कम गुंतविली की त्या गुंतवणुकीचे उत्पन्न वेगळे.

या शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळांची गफलत होते. मुलीने स्वतःच्या कमाईतून एक लाख रुपये बाजूला ठेवले आणि बँकेत मुदत ठेव केली. मूळ एक लाख तिच्या कौशल्याचे. परंतु त्यावर मिळणारे व्याज कौशल्यातून आलेले नाही. ते व्याज आई किंवा वडील यांच्या उत्पन्नात मिळवावे लागते. पैसा तिचा, पैशाची वाढ मात्र करापुरती पालकाची! विचित्र वाटले तरी कायद्याच्या शब्दरचनेतून निघणारा निष्कर्ष हाच आहे.

पालकाच्या उत्पन्नात मिळविलेल्या अशा रकमेतून प्रत्येक मुलामागे दीड हजार रुपयांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. १९९२ साली ठरलेला हा आकडा तीन दशके उलटली तरी जागचा हललेला नाही. त्या वेळी दीड हजारांना काही अर्थ होता. आज एखाद्या लहान ठेवीचे व्याजही त्याहून अधिक होते. तो वाढविणे न्याय्य ठरेल. शिवाय नव्या करप्रणालीची निवड करणाऱ्या पालकाला एवढीही सूट मिळत नाही.

एका कुटुंबाचा हिशेब

कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी राहणारी सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी विज्ञानाच्या आकृत्या आणि टिपणे यांचे मराठी संकेतस्थळ चालविते. २०२५-२६ या वित्तीय वर्षात तिला परदेशस्थ जाहिरात कंपनीकडून १,३२,००० रुपये मिळाले आणि पुण्याच्या एका शैक्षणिक प्रकाशकाने आकृत्यांबद्दल ६०,००० रुपये दिले. एकूण १,९२,०००. तिने केवळ या कामासाठी जून महिन्यात ७५,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. संगणकावरील घसारा ४० टक्के दराने ३०,००० रुपये होतो. (वर्षातील वापर १८० दिवसांहून कमी असता तर निम्माच मिळाला असता.) संकेतस्थळाचे नाव व जागा यांचे भाडे ६,००० आणि इंटरनेटचा या कामापुरता खर्च ६,०००. एकूण ४२,००० रुपये वजा जाता तिचे निव्वळ उत्पन्न १,५०,००० रुपये.

तिचे वडील शिक्षक. त्यांचे वार्षिक वेतन १२,६०,००० रुपये. नव्या करप्रणालीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ११,८५,००० रुपये उरतात. त्या वर्षासाठी बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीस कर पूर्ण माफ होत असल्यामुळे त्यांना काही भरावे लागत नाही. आईचे उत्पन्न नाही.

आता वडिलांनी प्रामाणिकपणाच्या भरात, किंवा कोणाच्या तरी अर्धवट सल्ल्यावरून, ‘मुलीचे उत्पन्न म्हणजे माझेच’ असे समजून दीड लाख रुपये आपल्या विवरणपत्रात दाखविले, तर त्यांचे उत्पन्न १३,३५,००० रुपये होते. बारा लाखांची मर्यादा ओलांडल्याने करमाफी जाते. चार ते आठ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या १,३५,००० वर १५ टक्क्यांनी २०,२५०, असा ८०,२५० रुपये कर. त्यावर ४ टक्के उपकर ३,२१०. एकूण ८३,४६० रुपये! मुलीने वर्षभर खपून मिळविलेल्या दीड लाखांतील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ चुकीच्या रकान्यात लिहिल्यामुळे गेली. योग्य हिशेबात तिचे उत्पन्न तिचेच राहते, ते चार लाखांच्या मूळ करमुक्त मर्यादेच्या आत आहे, आणि कर शून्य होतो.

परंतु याच उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. पुढील वर्षी तिने एक लाख रुपये ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले आणि ७,००० रुपये व्याज मिळाले. आजोबांनी पूर्वी तिच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज २०,००० रुपये. ही २७,००० रुपयांची रक्कम वडिलांच्या उत्पन्नात मिळवावीच लागेल. वेतन आणि दर तेच राहिले असे धरले तर वडिलांचे उत्पन्न १२,१२,००० रुपये होते. मर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्यास कायदा सीमांत सवलत देतो, म्हणून कर बारा लाखांवरील अधिक रकमेइतका, म्हणजे १२,००० रुपये, उपकरासह १२,४८०. हे व्याज लपविण्यात शहाणपण नाही. बँका ठेवीच्या व्याजाची माहिती आयकर विभागाला देतात आणि करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणात ती दिसते. उत्पन्न कोठे मिळवावयाचे आणि कोठे नाही, हा विवेक दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

खाते कोणाच्या नावे?

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार करार करण्यास व्यक्ती सज्ञान असावी लागते. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरविले. म्हणून जाहिरात कंपन्या अठरा वर्षांखालील मुलांना स्वतःच्या नावे मोबदल्याचे खाते उघडू देत नाहीत. गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात योजनेचा नियमही तसाच आहे. तेथे पालकाचे नाव, पालकाचे बँक खाते आणि बहुधा पालकाचा पॅन क्रमांक दिला जातो. येथूनच घोटाळ्याला आरंभ होतो. काम मुलाचे आणि सर्व कागद वडिलांचे.

उपाय साधा आहे. मुलाच्या नावे पॅन कार्ड काढता येते. अर्ज पालकाने प्रतिनिधी म्हणून करावयाचा असतो आणि त्या कार्डावर मुलाचे छायाचित्र व स्वाक्षरी नसते. मुलाच्या नावे बचत खाते उघडावे. दहा वर्षांवरील मुलाला ते स्वतः चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात. मोबदला पालकाच्या खात्यात येणे अटळ असेल तर त्यासाठी पालकाचे वेगळे खाते ठेवावे आणि प्रत्येक रक्कम आल्याबरोबर मुलाच्या खात्यात वळती करावी. घरखर्चाच्या खात्यात ती मिसळली की वर्षाखेरीस कोणता रुपया कोणाचा हे सांगणे कठीण होते.

देशातील कंपनी मोबदला देताना मुळातून करकपात करते. वरील उदाहरणातील प्रकाशकाने व्यावसायिक सेवेच्या मोबदल्यावर १० टक्क्यांनी ६,००० रुपये कापले असतील. पॅन क्रमांक दिलेलाच नसेल तर कपात २० टक्क्यांनी होते, म्हणजे १२,०००. वडिलांचा पॅन दिला असेल तर कापलेला कर वडिलांच्या नावे जमा दिसतो आणि उत्पन्न मात्र मुलीचे, अशी विसंगती निर्माण होते. ज्याचे उत्पन्न त्याच्याच नावे कपातीचा दाखला मिळावा यासाठी रक्कम देणाऱ्या कंपनीकडे लेखी घोषणापत्र देण्याची सोय नियमांत आहे. ते वर्षारंभीच द्यावे. मुलीच्या नावे जमा झालेले ६,००० रुपये परत मिळविण्यासाठी तिच्या नावे विवरणपत्र भरावे लागते. उत्पन्न मर्यादेखाली आहे म्हणून विवरणपत्र भरले नाही, तर परतावा मिळत नाही. हे विवरणपत्र पालक प्रतिनिधी करदाता म्हणून भरतो. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर त्याला तशी नोंदणी करून घ्यावी लागते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. बारा लाखांपर्यंत कर नाही याचा अर्थ बारा लाखांपर्यंत विवरणपत्र नाही असा होत नाही. मुलाचे स्वतःचे उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक ठरते.

परदेशातून आलेला पैसा करमुक्त असतो, असा समज ग्रामीण भागात बराच पसरलेला आढळतो. त्यात तथ्य नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र आहे. उलट यूट्यूबवरील चित्रफितींच्या बाबतीत जून २०२१ पासून अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे मिळणाऱ्या रकमेतून अमेरिकेचाही कर कापला जातो. करविषयक माहिती देऊन भारत-अमेरिका करारातील सवलतीचा दर घेतल्यास तो १५ टक्के असतो. माहितीच न दिल्यास अधिक रक्कम कापली जाऊ शकते. तेथे भरलेल्या कराची वजावट येथील करातून मागता येते. पण येथे करच लागत नसेल तर वजावट घेण्यासारखे काही उरत नाही, हेही समजून असावे.

वस्तू किंवा सेवा यांच्या करासंबंधी एवढेच की सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत सामान्यतः नोंदणीची आवश्यकता पडत नाही. फार थोड्या विद्यार्थ्यांना त्याची चिंता करावी लागेल.

भेट म्हणून आलेला मोबाईल

नव्या मोबाईलची परीक्षणे करणाऱ्या मुलाला कंपनी मोबाईल पाठविते. पैसे मिळत नाहीत, वस्तू मिळते. हे उत्पन्न नव्हे, असे घरातील मंडळी समजतात. १ जुलै २०२२ पासून व्यवसायाच्या ओघात दिलेल्या अशा लाभाचे वर्षातील मूल्य वीस हजारांहून अधिक झाल्यास त्यावर १० टक्के करकपात करण्याची तरतूद आली. समाजमाध्यमांवर प्रचार करणाऱ्यांचा प्रश्नही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षीच्या परिपत्रकात स्पष्ट केला. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ नव्हे. ठेवून घेतली तर लाभ. म्हणून परत पाठविलेल्या वस्तूची पावती जपून ठेवावी.

शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी

शाळेत या विषयाची वाच्यता सहसा होत नाही. विद्यार्थी कमावतो म्हणजे अभ्यासाकडे दुर्लक्ष करतो, अशी शिक्षकांची धारणा असते आणि त्यामुळे मुले कमाई लपवितात. लपविलेल्या कमाईची ना वही राहते, ना पावती. गणिताच्या किंवा पुस्तपालनाच्या तासाला शिक्षकाने जमा-खर्चाची साधी वही घालण्यास शिकविले तरी पुष्कळ साधेल: तारीख, कोणाकडून, कोणत्या कामाबद्दल, किती, खर्च कशाचा, बिल कोठे. कौशल्य मुलाचेच होते हे दाखविण्यासाठी मूळ मसुदे, संगणकातील तारखांसह धारिका आणि ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार जपणे उपयोगी पडते.

चौदा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत बालकामगारविषयक १९८६ चा अधिनियम विसरून चालणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत आणि बालकलाकार म्हणून काम, एवढीच मोकळीक आहे. बालकलाकाराच्या कमाईपैकी निदान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवली पाहिजे, असा नियम आहे. घरच्या घरी चालणाऱ्या संकेतस्थळांनीही हे प्रमाण स्वेच्छेने पाळले तर उत्तम. अर्थात त्या ठेवीचे व्याज पालकाच्या उत्पन्नात जाईल, हे वर सांगितलेच आहे.

महसूल अधिकाऱ्यांपुढे हा प्रश्न उत्पन्नाच्या दाखल्याच्या रूपाने येतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. साडेसात लाख उत्पन्न असलेल्या वडिलांच्या खात्यात मुलाचे लाखभर रुपये जमा झालेले दिसले, की ते वडिलांचेच असे गृहीत धरण्याचा मोह होतो. आयकराचा हिशेब आणि शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाचा हिशेब हे दोन वेगळे आहेत आणि प्रत्येक योजनेचे निकष तिच्या शासन निर्णयावरून पाहावे लागतात. परंतु रक्कम कोणाची हे कागदावरून दिसत असेल, तर अर्जदाराची बाजू ऐकून घेणे सुलभ होते. गणित जुळत नाही म्हणून अर्ज बाजूला टाकला गेला, तर ज्या गुणामुळे मूल कमावू लागले त्याच गुणाची शिक्षा त्याला झाल्यासारखे होईल.

अन्य देशांत

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हा प्रश्न उद्भवतो. अमेरिकेत श्रमाने मिळविलेले उत्पन्न मुलाचेच मानतात, पण स्वयंरोजगारातून वर्षाला ४०० डॉलर किंवा अधिक निव्वळ प्राप्ती झाली की आयकर लागत नसला तरी सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय विम्यापोटी १५.३ टक्के दराचा कर भरावा लागतो. मुलाच्या व्याज-लाभांशावर विशिष्ट मर्यादेपलीकडे पालकाच्या दराने कर आकारण्याची पद्धत तेथे १९८६ च्या करसुधारणेने आली. आपल्याकडील तरतुदीहून सहाच वर्षे आधी. ब्रिटनमध्ये मुलालाही प्रौढाप्रमाणे १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा मिळते आणि २०१७ पासून लहान धंद्यातील पहिली १,००० पौंडांची आवक हिशेबाबाहेर ठेवता येते. पालकाने दिलेल्या पैशावरील व्याज १०० पौंडांहून अधिक झाल्यास मात्र ते पालकाचे धरतात. तिन्ही देशांनी श्रमाची कमाई आणि पैशाची कमाई यांत रेषा ओढली आहे.

अठरावे वर्ष

वाढदिवस वित्तीय वर्षाच्या मध्यावर येतो तेव्हा हिशेबाचे दोन भाग पडतात. वाढदिवसाच्या आधीच्या काळातील ठेवींचे व्याज पालकाच्या उत्पन्नात, त्यानंतरचे मुलाच्या. कौशल्याची कमाई दोन्ही काळांत मुलाचीच. प्रतिनिधी म्हणून पालकाने केलेली नोंदणी यापुढे चालत नाही. विवरणपत्रावर मुलाने स्वतः सही करावयाची असते. पॅन क्रमांक तोच राहतो, मात्र छायाचित्र व स्वाक्षरी असलेल्या नव्या कार्डासाठी अर्ज द्यावा लागतो. जाहिरात कंपनीकडील मोबदल्याचे खातेही आता त्याच्या नावे उघडता येते. पालकाच्या नावावरील जुन्या खात्यात राहिलेली शिल्लक आधी काढून घ्यावी, कंपनीला दिलेले पूर्वीचे घोषणापत्र मागे घ्यावे आणि नवा पॅन तपशील पहिला मोबदला येण्यापूर्वी कळवावा.